दोन कुलपांची वाइन

डॉक्टरांनी घणाला जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. जिभेच्या मुळाशी गाठ आहे, सोमवारी कापायची, निम्मी जीभ जाईल. बोलणं हळूहळू सुधारेल, चव मात्र परत येणार नाही. घणाने एकच प्रश्न विचारला, की तोवर काय खाल्लं-प्यालं तर चालेल. दारू सोडून काहीही, असं उत्तर मिळालं. घण हसला आणि दवाखान्यातून सरळ धाकट्या भावाच्या आवारात गेला. त्याला धाकट्याकडून एक किल्ली हवी होती.

दोघांचा धंदा इमारती पाडण्याचा. थोरल्याला मजुरांनी घण म्हणायला सुरुवात केली, कारण त्याला बोलायच्या आधी मारायची सवय होती. मग ती भिंत असो की माणूस. धाकटा भिंतीकडे नुसतं बघून ती किती झुकली आहे ते सांगायचा, म्हणून तो ओळंबा. ही नावं इतकी रुळली होती की घणाची बायकोसुद्धा रागावली की नवऱ्याला त्याच नावाने हाक मारायची.

किल्ली होती आवारातल्या ऑफिसखालच्या तळघराची. तिथे वडिलांनी घेतलेली रेड वाइनची एक पेटी निजलेली होती.

वडीलही पाडापाडीतलेच. तरुणपणी त्यांना एका नामांकित द्राक्षमळ्यावर जुनी शेड उतरवायचं काम मिळालं होतं. शेजारच्या शेडखाली वाइनने भरलेली पिंपं होती. मळ्याची मालकीण काठी टेकत आली आणि म्हणाली, माझी पिंपं हलली तर मी तुम्हाला हलवीन. हादऱ्याने वाइनचा गाळ उठतो, तिची झोपमोड होते, असं तिचं म्हणणं. एका पिंपावर तिने पाण्याचा पेला ठेवला आणि रोज येऊन त्यात तरंग उठतो का ते बघू लागली. वडिलांनी यंत्र लावलंच नाही. अख्खा उन्हाळा घालवून शेड हाताने उतरवली, वीट न् वीट सुटी करून. तो मळा ज्यांचे आजे-पणजे गिऱ्हाईक होते त्यांनाच माल विकायचा. नव्या माणसाला फाटकातूनच परत पाठवायचे, मग तो कितीही मोठा असो. वडिलांना मात्र मालकिणीने त्या सालची एक पेटी विकत घेऊ दिली. त्यांनी पूर्ण किंमत मोजली. फुकट मिळाली असती तर घेतलीच नसती, असं ते मरेपर्यंत सांगत.

त्या पेटीसाठी त्यांनी तळघर खणलं. त्या टोकाला कधी ट्रक येऊ दिला नाही, कंप्रेसर चालू दिला नाही. जुनी दारं, बेसिनं, लोखंडी जिने पोरांनी फाटकापासून खांद्यावर वाहून आणायचे, कारण खाली वाइन निजली आहे. "आमच्या बापाला तीन मुलं," घण तेव्हा म्हणायचा, "दोघं ओझी वाहतात आणि तिसरी लोळते." वडील दरवर्षी मळ्यावर फोन करून विचारायचे, उघडू का. अजून नाही, असं उत्तर यायचं. अखेरच्या आजारात त्यांनी तळघराच्या दाराला दोन कुलपं लावली आणि दोन पोरांना दोन किल्ल्या दिल्या. दोघं मिळून प्या, नाहीतर पिऊ नका, असं बजावलं आणि गेले.

पुढे एका कामावर ओळंब्याने घणाला थांब म्हटलं. भिंत ओळंब्यात नव्हती. घण थांबला नाही. भिंत एका मजुरावर गेली आणि तो जागीच संपला. चौकशीत ओळंब्याने जे पाहिलं ते सांगितलं. बाहेर आल्यावर जिन्यातच घणाने त्याचा जबडा फोडला. एकाच ठोशात हाड दोन ठिकाणी तुटलं. तो पडल्यावरही घण त्याला मारत राहिला. दोन हवालदारांना मिळून तो आवरेना, तेव्हा तिसऱ्याने मागून डोक्यात काठी घातली. त्यानंतर धंदा फुटला. यंत्रं थोरल्याकडे गेली, आवार धाकट्याकडे आलं. ओळंब्याचा जबडा वाकडाच जुळला. तेव्हापासून तो तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून बोलतो.

अशा भावासमोर जाऊन घण बसला आणि जिभेचं सगळं सांगितलं. ओळंब्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला की वडिलांमागे तोच दरवर्षी मळ्यावर फोन करतो. आता तिथे त्या बाईची मुलगी बघते, आणि ती म्हणते की त्या सालची वाइन अजून मिटलेली आहे, आणखी काही वर्षं धरा.

"अजून तयार नाही ती, दादा."

"मी तयार आहे," घण म्हणाला. "एक बाटली. तूही समोर बस. बोलू नकोस हवं तर."

ओळंब्याने जबड्यावरून हात फिरवला. "दोन महिने मी सगळं नळीने प्यायलो. पाणी, औषध, सूप. एकदा तरी आलास? आता तू पी नळीने."

बाहेर दारं रचणाऱ्या माणसांनी हातातलं काम थांबवलं. आता मारामारी होणार, अशी त्यांची खात्री होती. पण घण उठला, खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली आणि निघून गेला. त्याला ओळखणाऱ्यांना हे जास्त भीतीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. भाऊजी, त्यांना हव्या तितक्या शिव्या द्या, पण एवढी एक गोष्ट अडवू नका, असं तिने विनवलं. ओळंब्याने वहिनीला बसायला खुर्ची दिली आणि किल्ली टेबलावर काढून ठेवली. ती आत्ता मिळेल, म्हणाला, पण एका अटीवर. दादाने त्या मेलेल्या मजुराच्या बायकोसमोर उभं राहायचं आणि चूक माझी होती एवढंच म्हणायचं. वहिनी किल्लीकडे बघत राहिली. आपला नवरा तिला पुरता ठाऊक होता. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तिने घरी जाऊन निरोप सांगितला, तेव्हा घणाने समोरची थाळी भिंतीवर मारली आणि हत्यारांची पेटी काढली.

रविवारी दुपारी आवार बंद असतं. रखवालदाराने घणाला लहानपणापासून खांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे त्याने फाटक उघडलं आणि मग घाबरून ओळंब्याला फोन केला. तोवर घण अडगळीच्या खोलीत उतरला होता. ही खोली तळघराला लागून होती. पाडलेल्या घरांतले नळ, दिव्यांच्या काचा, दारांच्या मुठी असं सगळं तिथे साठवलेलं असे. मधली भिंत एकेरी विटेची होती, वडिलांनीच बांधलेली. दाराला दोन कुलपं असली तरी भिंतीला एकही नव्हतं. भिंती पाडून जगणाऱ्या घरात ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या मनात आली नव्हती.

त्याने यंत्र आणलं नव्हतं. छिन्नीच्या डोक्याला चिंधी गुंडाळली, जमिनीवर पाण्याने भरलेला वाडगा ठेवला आणि वाडग्यावर एक डोळा ठेवून काम सुरू केलं. छातीएवढ्या उंचीची एक रांग खरवडून सांध्यातला चुना काढला, वीट दोन्ही हातांनी ओढून घेतली, खाली निजवली. मग दुसरी. माणूस वाकून जाईल एवढं भोक झाल्यावर वरच्या विटांना फळी दिली आणि फळीला लाकडी टेकू. वाडग्यातलं पाणी एकदाही हललं नाही. आयुष्यभर आदळआपट केलेल्या माणसाचं हे सगळ्यांत स्वच्छ काम होतं आणि बघायला तिथे कुणी नव्हतं.

आत गारवा होता. बाटल्या लाकडी मांडणीत आडव्या होत्या, मानेपर्यंत धूळ. घणाने एक उचलली ती होती त्याच कलाने, तिला जरा पण फिरू न देता, वडील दाखवायचे तशी. फरशीवर मांडी घातली. घरून आणलेला पेला शेजारी ठेवला आणि बुचात स्क्रू घालायला लागला. बूच जुनं, भुसभुशीत झालेलं होतं. तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने स्क्रू फिरवत होता आणि घाम पुसत होता.

ओळंबा भोकातून वाकून आत आला. भोकाची कड त्याला आधी दिसली. ती इतकी सरळ कापलेली होती की त्याचा हात नकळत तिच्यावरून फिरला. मग फरशीवर बसलेला भाऊ दिसला, आणि भिंतीला टेकवलेली पहार. आजवर त्याने कुणावर हात उगारला नव्हता. पहार त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि थोरल्याच्या खांद्यावर घातली.

खांद्याचं हाड तुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. बाटली सुटली आणि फुटली. घणाने आधी फरशीकडे बघितलं. वाइन सांध्यांतून पसरत होती. मग तो उठला.

उजवा हात लटकत होता, म्हणून त्याने डाव्याने मारलं. पहिला ठोसा बरगड्यांत, दुसरा गळ्याखाली. ओळंब्याच्या हातची पहार निसटली. घणाने त्याची कॉलर धरून त्याला मांडणीवर फेकलं. मांडणी कलली, क्षणभर तशीच अडली आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पालथी झाली. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी आवारात कुणी दार आपटलं नव्हतं, त्या बाटल्या एकीवर एक फुटत गेल्या. वासाने तळघर भरलं. ओळंबा काचांवरच पडला होता. तळहात फाटलेले, पाठीत काच. तरी तो गुडघ्यांवर आला आणि घण खाली वाकताच त्याने वर उसळून कपाळाने त्याच्या नाकावर धडक मारली.

नाक फुटलं. त्या धडकेत घणाची जीभ त्याच्याच दातांखाली आली, आधीच सुजलेली. तोंडातून इतकं रक्त आलं की त्याला श्वास घेता येईना. ओळंब्याने त्याला पुन्हा मारलं, तोंडावरच, फाटलेल्या मुठीने, एकदा, दोनदा, आणि थांबलाच नाही. जिन्यात घण थांबला नव्हता, तसाच.

"हे नळीचं," तो म्हणत होता. "हे नळीचं."

घणाने त्याच्या पोटात गुडघा घातला तेव्हा दोघंही कोसळले. काही वेळ कुणालाच उठता येईना. फरशीवर वाइन कुठे संपते आणि रक्त कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

मांडणीखालून एक बाटली घरंगळत आली, अखंड. उतार भोकाकडे होता, त्यामुळे ती सावकाश तिकडे निघाली. दोघांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एवढी एकच उरली होती. घण कोपरावर सरकत तिच्यामागे गेला, भोकापाशी तिला गाठलं आणि डाव्या हाताने छातीशी धरून गुडघ्यांवर उठला. ओळंब्याने मागून त्याचा पाय पकडला. घणाने दुसरा पाय झाडला. तो ओळंब्याला लागला नाही. टेकूला लागला.

टेकू निघाला. फळी लोंबली. वरच्या विटांची रांग केसभर सरकली, आणि ओळंब्याला ते दिसलं.

"गेली!"

पाडापाडीच्या धंद्यात या शब्दाला एकच अर्थ असतो. भिंत सुटली, हातात जे असेल ते टाक आणि पळ. घणही नाही, पहारही नाही, काहीही धरून ठेवायचं नाही. हत्यार वाचवायला गेलेला माणूस वाचत नाही. दोघांच्या अंगात हे मिसरूड फुटायच्या आधीपासून मुरलेलं होतं. शब्द कानावर पडताच घणाची बोटं उघडली आणि त्याने बाजूला उडी घेतली. बाटली तो होता त्या जागी पडली, आणि तिच्यामागोमाग भिंत आली.

धूळ बसायला वेळ लागला. घण कोपऱ्यात होता, खोकत, पण शाबूत. घणाचा पाय धरलेला ओळंब्याचा हात कोपरापर्यंत विटांखाली होता. तो ओरडत नव्हता, दात आवळून भिंतीत आणखी काही सुटतंय का ते बघत होता.

घण रांगत आला आणि एका हाताने विटा काढायला लागला. वरची आधी, मग तिच्याखालची. घाईत खालची ओढली असती तर उरलेली रास हातावर बसली असती. हात मोकळा झाला तेव्हा तो मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकलेला होता.

शेवटच्या विटांखाली बाटली सापडली. मान गेली होती, खांदा गेला होता. बुडाचा भाग तिरका उभा होता आणि त्यात थोडी वाइन होती, चारेक घोट, गढूळ. घणाने पेल्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. पेल्याचा चुरा झाला होता. पलीकडच्या खोलीतून त्याने एका दिव्याची काचेची वाटी आणली. त्या खोलीत नळांचा ढीग होता, पण एकालाही पाणी नव्हतं, त्यामुळे वाटी शर्टाने पुसली आणि तोंडही शर्टानेच पुसलं. शर्टाचंच टोक वाटीवर ताणून त्यातून वाइन गाळली. काच टोकातच राहिली.

तो भावाशेजारी भिंतीला टेकून बसला. वाटी उचलून हुंगली. नाकात रक्त गोठलेलं होतं. घोट घेतला आणि तो तोंडात धरून बसला. डोळे मिटले, उघडले. गिळला. मग बाजूला थुंकला, बोटाने तोंडातलं रक्त काढलं आणि पुन्हा एक लहानसा घोट घेतला.

"काही लागत नाही," तो म्हणाला. "लोखंड लागतं नुसतं."

वर रखवालदार फाटकापाशी कुणाला तरी हाका मारत होता. त्याने बोलावलेली अँब्युलन्स अजून पोचली नव्हती. वाटीत दोन घोट उरले होते. घणाने त्यांच्याकडे बघितलं, मग वाटी ओळंब्याच्या तोंडापाशी नेली. ओळंब्याच्या मनात आधी आलं, की घोट घेऊन ह्याच्या तोंडावर थुंकावा. त्याने घोट घेतला आणि थुंकला नाही. जिभेवर घोळवून मग गिळला.

"बोल," घण म्हणाला.

ओळंब्याला खोटं बोलता आलं असतं. आंबली आहे म्हटलं असतं तर थोरला सुटला असता, आपण गमावलं ते काहीच नव्हतं असं समजून सोमवारी टेबलावर निजला असता. म्हणूनच त्याने तसं म्हटलं नाही.

"तयार होती," तो म्हणाला. "फोनवर ती बाई चुकली. असं काही तू आयुष्यात प्यायला नाहीस, आणि आता पिणारही नाहीस."

हा घाव जपून घातलेला होता. तो बसला तेही ओळंब्याला दिसलं. घणाने मान खाली घातली. नाकातून ठिबकणारं रक्त त्याच्या गुडघ्यावर पडत राहिलं. मग त्याने विचारलं,

"म्हणजे कशी?"

ओळंब्याने वाटीच्या तळाशी उरलेल्या घोटाकडे पाहिलं.

"अरे सांग ना. कशी?"

"आधी वास," ओळंबा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज कामावर मोजमाप सांगताना असायचा तसा झाला होता. "बंद घराची पहिली फळी उचकटल्यावर येतो ना, तसा. लाकूड, धूळ, आणि मागून काहीतरी गोड, सुकलेलं. कुणीतरी कपाटात फळं विसरून गेल्यासारखं."

"मग?"

"मग जिभेला धरते. ओला चुना धरतो तशी. वाटतं, ही काही सोडत नाही. आणि सोडते."

"कुठे सोडते? पुढे की मागे?"

"मागे. जिभेच्या पार मुळाशी. तिथे उघडते आणि तिथेच राहते. अजून आहे."

घणाने गिळलं. गिळताना त्याला किती दुखलं, ते ओळंब्याने पाहिलं. दोघांच्या मध्ये वाटी होती आणि तिच्या तळाला एक घोट, गाळासकट. फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, माणसं जिना उतरू लागली. घणाने डाव्या हाताने वाटी पुन्हा भावाच्या तोंडाशी नेली. कड त्याच्या दातांवर वाजली.

"उरलेलं पण पी," तो म्हणाला. "अर्धवट सांगू नकोस."